जेवून आलेल्या अळ्या

आमच्या प्रयोगशाळेत किडीच्या मुळावर उठलेले आम्ही सगळे, आणि कीड पाळणारे एकटे मामा. हुद्दा शिपायाचा, पण मागच्या खोलीत प्लास्टिकच्या डब्यांतून अळ्या वाढवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि ते त्यात रमले. पानं धुऊन, पुसून, देठ काढून घालायचे. घरी आम्हाला एवढी निवडलेली भाजी मिळत नाही, असं त्यांची बायको मला हसत म्हणाली होती.

माझं यंत्र तेव्हा नवीन होतं. विजेच्या जोरावर आतली हवा जांभळी चमकायची, पण बी भाजत नसे. मामा त्याला ‘थंड भट्टी’ म्हणत. त्यात तीन मिनिटं ठेवलेल्या बियांची रोपं किडीला सहजी दाद देत नाहीत, हे मला दाखवायचं होतं. नाही जमलं तर महिनाअखेर यंत्र परत आणि मी घरी.

चाचणीचा नियम साधा. अळ्या चार तास उपाशी ठेवायच्या. मग एक डबा साध्या रोपांवर सोडायचा, दुसरा माझ्या रोपांवर. पहिला सोडला आणि साहेबांनी बोलावून घेतलं. तासाभराने येऊन मी दुसरा सोडला. दुसऱ्या दिवशी साध्या रोपांचा फडशा पडलेला, माझ्या रोपांना जेमतेम दोन-चार भोकं. साहेबांनी मला डोक्यावर घेतलं. अहवाल उद्याच पाठवायचं ठरलं.

संध्याकाळी मामा दारात घुटमळत होते.

"मॅडम, त्या दुसऱ्या डब्यातल्या अळ्या जेवून आल्या होत्या. तुम्हाला उशीर झाला, मला बघवेना. थोडी पानं टाकली."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. सांगितलं नसतंत तर काय बिघडलं असतं, असंही विचारलं.

"शेतात येणारी अळी उपाशीच येते, मॅडम," ते हळूच म्हणाले.

अहवाल थांबवला, चाचणी पुन्हा केली. या खेपेला मामा चारही तास डब्यांकडे पाठ करून बसले. माझी रोपंही खाल्ली गेली. साध्यांपेक्षा एक तृतीयांश कमी, एवढंच. साहेबांचा चेहरा उतरला. यंत्र राहिलं, तेही एका वर्षाच्या बोलीवर.

पुढे अनोळखी माणसांनी आपापल्या जागी तीच चाचणी केली, आणि फरक तेवढाच भरला. आज माझं जे काही नाव आहे ते त्याच्यावर. मामा तोवर निवृत्त झाले होते, आता तर ते नाहीतच. त्यांची फार आठवण येते. त्या संध्याकाळी माझा राग त्यांनी ऐकून घेतला होता; आभार मात्र मी कधी मानलेच नाहीत.