वडनेरची काळी माती

परवा दादाचा जुना खोका उघडला आणि चिकटवायच्या द्रावणाचा तोच उग्र वास आला. फार वर्षांपूर्वी बोरगावच्या घरात एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तो प्लास्टिकचा छोटा रणगाडा जोडत बसला होता. रंग वाळवंटातला पिवळा, पण चाकांभोवतीच्या दोन पट्ट्यांपैकी एकावर त्यानं वडनेरच्या वावरातली काळी माती कालवून बोटानं थापली. "काऊन रे दादा, वाळवंटात काळी माती?" मी हसले. "अवं, आपल्या वावरात फसला तो! पावसात बैलगाडी निघत नाई तिथून, हा काय निघते!" दुसरा पट्टा उद्यावर राहिला, मग नोकरी आली, मग त्याचा दवाखाना, आणि दादा गेला. काल मी वडनेरहून माती आणली आणि खोक्यातल्या रणगाड्याचा तो पट्टाही बोटानंच लिंपला. आता रणगाडा पुरता फसलाय. कुठंच जायचा नाही.