दोन बोटं माया

बाभुळगावच्या बसस्टँडमागं वामनरावांचं शिलाईचं दुकान आहे. वर टिन, खाली दोन मशीनी. दाराला कडी आहे, पण ती तीन वर्षांत लागलेली नाही. चौकटीतल्या कडीच्या भोकात एका रानमाशीनं घर केलं, तेव्हापासून दार सुतळीनं बांधलं जातं. ही मधमाशीच्याच जातीची, पण पोळं बांधत नाही. एकटीच राहते. समोरच्या गुलाबाची पानं कापून आणते आणि त्यांत गुंडाळून एकेक अंडं ठेवते. गुलाबाच्या पानांच्या कडांना म्हणूनच गोल गोल खाचा पडलेल्या.

"माह्याच धंद्यातली हाये," वामनराव सांगतात. "टेप नाही, खडू नाही. पाह्यते अन् कापते."

टेप ते स्वतःही लावत नाहीत. गिऱ्हाईक पायरी चढेस्तोवर त्याचं माप त्यांच्या डोळ्यांत बसलेलं असतं. चाळीस वर्षं हे असंच चाललं. मग बबनराव नावाच्या गिऱ्हाइकाचा सफारी शिवायला आला.

मुलीच्या साखरपुड्यात तो सफारी घालून बबनराव पाटावर बसायला वाकले, आणि पोटावरचं बटण उडून थेट व्याह्यांच्या श्रीखंडात पडलं. दुसऱ्या दिवशी सफारी दुकानाच्या काउंटरवर येऊन आदळला. वामनरावांच्या मुलीनं, दिपालीनं, तो घडीही न मोडता खिळ्याला टांगला आणि बापाच्या हातातली कैची काढून घेतली. दिपाली ब्लाउज शिवते, टेपनं मोजून शिवते.

"डोये गेले तुमचे, बाबा. आता काज-बटन करा."

वामनराव काज-बटन करू लागले. पण उजव्या हाताचा अंगठा मधूनच हवेत उघडझाप करायचा, कैची हातात असल्यासारखा.

अशात यवतमाळच्या कॉलेजातली समीक्षा आली. ती रानमाश्यांचा अभ्यास करते. तिनं बोरूच्या पोकळ नळ्यांच्या जुड्या गावात टांगल्या होत्या, काही निंबाच्या सावलीत, काही टिनाच्या छपराखाली. त्यांत वाढून निघालेल्या बारा माश्या टाचण्यांवर लावून तिनं डबीत आणल्या होत्या, प्रत्येकीखाली ती कुठली याची चिठ्ठी. तिला कडीचं भोक बघायचं होतं.

"टिनाखालच्या लहान निघाल्या," ती म्हणाली. "पण नुसत्या डोळ्यांनी नाही कळत. यंत्रानं मोजावं लागतं."

वामनरावांनी मान वर केली. दिपालीनं ते बरोबर हेरलं.

"ताई, चिठ्ठ्या झाका," ती म्हणाली. "बाबानं बराबर ओयखल्या तं कैची वापस. नाही तं आयुष्यभर काज-बटन."

वामनरावांनी आधी चष्मा काढून ठेवला. दिपालीनं कपाळावर हात मारला. ते एकेका माशीवर वाकले, कुणाला उजवीकडे ठेवलं, कुणाला डावीकडे.

"ह्या निंबाखालच्या. ह्या टिनाखालच्या. शोल्डर केसभर कमी हाये."

समीक्षानं चिठ्ठ्या उघडल्या. अकरा बरोबर होत्या. बारावी उचलून ती हळूच म्हणाली, "काका, ही निंबाखालची आहे. तुम्ही टिनाखालच्यांत ठेवली."

"ही नाही, हा. गडी हाये तो. जेंट्सचं माप लेडीजमंदी कायले धरता?"

समीक्षानं भिंग लावलं. बराच वेळ लावलं. "नरच आहे," ती म्हणाली. "नर लहानच असतात. मीच चुकून घेतला."

"पन टिनाखालच्या लहान कायनं झाल्या?" दिपालीनं विचारलं.

"उन्हानं अळी लवकर वाढते. दिवस कमी लागतात, पण अंग भरत नाही."

"म्हंजे अर्जंट शिलाई," वामनराव म्हणाले, आणि त्यांनी कैचीकडे हात नेला.

दिपालीनं कैचीवर तळवा ठेवला. "थांबा. नजर बराबर हाये, तं मंग सफारी तंग काहून झाला?"

वामनराव टाचण्या मोजू लागले. दिपालीनं खिळ्यावरचा सफारी काढला, ब्लेड घेतलं आणि बगलेखालची कुशीची शिलाई उसवली. शिलाईच्या आत दाबून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. ती असते एक बोट. इथं दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं दाबलेली होती.

"मापाच्या दिवशी व्याही संग होते त्याइच्या," वामनराव हळू आवाजात म्हणाले. "पोट होतं चव्वेचाळीस. बबनराव मोठ्यानं म्हने, लिहा चाळीस. आता व्याह्यासमोर मी चव्वेचाळीस कसं म्हनू? लिहिलं चाळीस, अन् माया ठेवली. म्हटलं, मांगून गुपचूप येतीन सैल कराले."

"मंग मले तरी सांगाचं!"

"गिऱ्हाइकाचं पोट बाहेर सांगत नसते, पोरी."

"मी बाहेरची हावो काय?"

दिपालीनं कैची त्यांच्याकडे सरकवली, जरा जोरातच. तिनंच मग दोन्ही कुशी सैल करून दिल्या. वामनरावांनी फोन लावला.

"बबनराव, अहो, पोरीनं इस्त्री फिरवली तं तुमचा सफारी आपोआप सैल झाला ना बाप्पा. घेऊन जा."

"टेरिकॉट इस्त्रीनं सैल होते काय?" दिपाली पुटपुटली.

वामनरावांनी फोनवर हात ठेवला. "पोट चव्वेचाळीस असलं का होते."