दोन पेंग्विन

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर आज खाली काढून सुरू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आमच्या दासगावच्या घरात पसरला. अब्बांनी तो कुवेतहून आणला होता, दोन प्रोसेसरचा. त्या वेळी मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, तेव्हा सुरू होताना पडद्यावर शेजारी शेजारी दोन पेंग्विन उमटले.

"ही बदकं कसली रे?" अम्मीने विचारलं.

"जितके प्रोसेसर, तितके पेंग्विन."

अब्बा तिच्याकडे बघून म्हणाले, "एक मी, एक तू."

दुसऱ्या दिवशी ते परत कुवेतला निघणार होते. अम्मी म्हणाली, "ती बरी. एका घरात तरी हायत."

तेव्हा आम्ही तिघेही हसलो. अब्बांची कबर आता तिकडेच आहे.

आज पुन्हा ते दोघे उमटले. मी बटणाकडे हात नेला, तर अम्मी म्हणाली, "बंद नको करू रे. बसू दे त्यांना."