कापसाची खोली

“आणि खिळे! खिळे ठोकायले कोणी सांगितलं होतं तुमाले?” कौसल्या परातीतलं पीठ असं आपटत होती, जणू खिळे त्या पिठानंच ठोकले होते. “माझ्या बापानं पोरीच्या गाद्यांसाठी पाठवलेला कापूस हाये तो. तुमी त्याले भितीले ठोकून ठेवला!”

“अवं, काढून देतो ना. सारंच काढून टाकतो आता.”

“काढून देसान काय? भोकं पडलेल्या गाद्या? व्याही म्हणतीन, पोरीच्या माहेरी उंदरं लई हायेत.”

देवराव जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर त्याचं टेप मशीन, वर झाकण नाही, आत फिरणाऱ्या दोन चकत्या. कालपासून ते पुढच्या खोलीत बारीक गुणगुणत होतं. दुखणं मशीनचं की तिथल्या वायरीचं, हे बघायला त्यानं ते स्वयंपाकाच्या खोलीत आणून लावलं होतं. माइक ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो डाळीच्या डब्यांमधे उभा केला होता.

“पंचफुलाबाईले काय सांगू, ते सांग,” तो म्हणाला. “दसऱ्याले तिच्या गाण्याची टेप पाहिजे, तीन हप्ते राहिले.”

“मी काय सांगू? मले विचारून ठोकले होते काय खिळे?”

“भांडा खुशाल,” दारातून सासू तुळसाबाई म्हणाली, “पण तव्यावरची भाकर जळून राहिली.”

कौसल्येनं भाकर उलटली. ती खरंच जळली होती, आणि ती कोणाच्या ताटात पडणार हेही ठरलं होतं.

नागपूरच्या इंदोऱ्यात देवरावला सगळे भोंगेवाला म्हणत. छप्पन सालच्या दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, तो एकोणीस वर्षांचा होता आणि दुसऱ्याच्या हाताखाली वायरी ओढत होता. पुढं त्यानं स्वतःचं लाऊडस्पीकरचं दुकान टाकलं. लग्नं, सभा, जयंत्या. पंचवीस वर्षं त्याचं काम एकच, आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा. पण सभा उठली की आवाजही उठून जायचा, आणि ते त्याला सलायचं. पंचफुलाबाई दिवसा बिड्या वळायची आणि रात्री गायन पार्टीत अशी गायची की मागच्या रांगेतली बाई पोर मांडीवरून उतरवून उठून उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे एकोणऐंशीला, तिला मुंबईला रेकॉर्डिंगसाठी नेलं होतं. तिथं कोणी तिला म्हणालं, बाई, बोलणं जरा सुधारून घ्या. ती संध्याकाळच्या गाडीनं परत आली. “देवरावभाऊ, आता गाईन तर नागपुरातच,” असं तिनं स्टेशनवरून थेट घरी येऊन सांगितलं, आणि त्या दिवसापासून देवरावच्या डोक्यात स्टुडिओ शिरला.

शिरला म्हणजे पुरता शिरला. कॅलेंडरच्या पाठीमागे नकाशा निघाला. पुढची खोली रस्त्यावर, मोठी आणि चौकोनी, म्हणून तीच घ्यायची. रस्त्याचा आवाज नको, म्हणून तिची खिडकी विटांनी बुजवली. एकामागे एक दोन दारं केली, मधे बारदान ठासलं. मग बायकोला दार लावून आत आरडायला सांगायचा आणि आपण रस्त्यात उभा राहून ऐकायचा. “काय ओरडू?” कौसल्येनं विचारलं होतं. “काही पण.” मग ती जे ओरडली ते रस्त्यात ऐकू आलं नाही, हे त्याचं नशीब. एवढं करूनही ढोलकी बाहेर जायची, तेव्हा त्याची नजर माळ्यावरच्या कापसाच्या गाठोड्यांकडे गेली. विदर्भातल्या माणसाला अडचणीत कापूस सुचणारच. सहा गाद्यांचा कापूस चारी भिंतींवर आणि वर छताला चढला.

आणि काल पंचफुलाबाई तिथं गायली. दोन ओळी झाल्या आणि थांबली. “भाऊ, तोंडात बोळा कोंबल्यावानी वाटते गा. माझाच आवाज मले येऊन नाही राहिला.” टेप लावला, तर ढोलकीची धूम तेवढी भरून आलेली, आणि बाईच्या गळ्यातलं पाणी सगळं कापसानं पिऊन टाकलेलं. बाई जयभीम करून चपला घालून गेली. देवराव त्या पांढऱ्या खोलीत मशीनचं झाकण काढू लागला. दोन वर्षं त्यानं त्या खोलीवर घातली होती.

आता जळकी भाकर खाऊन तो मशीनकडे वळला. गुणगुण येते का बघायला त्यानं टेप मागं घेऊन चालू केला.

“आणि खिळे! खिळे ठोकायले कोणी सांगितलं होतं तुमाले?”

कौसल्या दचकून वळली. खोलीत दुसरी कौसल्या बोलत होती. पिठाची थाप अन् थाप, बांगडीवर बांगडी, उंदरांचा टोमणा, सासूचा दारातला आवाज, तोही दारातूनच आल्यासारखा. मुलगी प्रेमिला धावत आली आणि तोंडावर ओढणी धरून हसू लागली. तुळसाबाई म्हणाली, “मी अशी बोलतो? मायवं, एवढी म्हातारी झाली मी?”

देवराव हसला नाही. त्यानं टेप पुन्हा मागं घेतला, पुन्हा ऐकला. मघाशी ट्रक गेला होता, तेव्हा फडताळातले कप हलले होते. टेपवर ट्रक नव्हता.

“आवाज पाह्य कसा उभा राहिला,” तो हळूच म्हणाला.

“माझाच हाये. उभाच राहीन,” कौसल्या म्हणाली. पण त्याची नजर भिंतींवरून फिरताना तिनं पाहिली, आणि तिनं ओट्यावरची परात आपल्याकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाईला बोलावलं. ती ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली आणि गायली, आणि या वेळी थांबली नाही. ढोलकीवाल्याला बसायला जागा हवी म्हणून देवरावनं फळीवरचे डबे उतरवले, तसा आवाज भिंतीवर आपटून परत येऊ लागला. डबे परत ठेवले, आवाज जागेवर आला. पोती, उतरंड, वळकट्या, छपराच्या कवेलूखालची बांबूची चटई, घराच्या मधोमध असल्यानं चहूबाजूंनी दुसऱ्या खोल्यांचा आडोसा. देवरावला नकाशा काढून जे जमलं नव्हतं ते कौसल्येनं चार वर्षं सामान लावता लावता केलं होतं.

“हे इथंच पाहिजे होतं गा,” पंचफुलाबाई म्हणाली. मग कौसल्येकडे बघून तिनं जीभ चावली. “नाही बाई, मी आपली म्हणून राहिली.”

देवरावनं ती खोली मागितली नाही. मागायची त्याची हिंमतच नव्हती. सोळा वर्षं कौसल्येनं मागच्या छपरीत चुलीपुढे बसून स्वयंपाक केला होता. पावसात एका हातानं फुंकणी, एका हातानं छत्री. ही खोली आणि हा उभ्यानं रांधायचा ओटा तिनं त्याच्याशी चार महिने अबोला धरून मिळवला होता. ओट्याची उंची तिनं स्वतः कोपराला हात लावून गवंड्याला दाखवली होती.

दोन दिवस देवराव पुढच्या खोलीत एकेक खिळा उपटून कापूस उतरवत होता, भिंत मोकळी करून पुन्हा पहिल्यासारखी करायची म्हणून. नकाशाचं कॅलेंडर त्यानं छपरीतल्या चुलीजवळ, जाळायच्या कागदांत ठेवलेलं कौसल्येला दिसलं. तिनं ते उचललं, उलगडलं, आणि परत घडी घालून फळीवर मिठाच्या डब्याखाली ठेवलं.

दुपारी ती पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कापसाचे पुंजके जमिनीवर, खिडकीच्या जागी विटा. ही खिडकी होती तेव्हा संध्याकाळी कोण कुठं चाललं हे तिला बसल्या जागी कळायचं. मागं स्वयंपाकाच्या खोलीतून रस्ता दिसतच नव्हता. चार वर्षं ती भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत होती, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. तिनं विटांवर बोटाची टिचकी मारली. मग परत येऊन फळीवरच्या एका रिकाम्या डब्यावर मारली. डबा टणकन वाजला. भरलेल्यावर मारली, तो गप्प राहिला. ती बराच वेळ टिचक्या मारत राहिली. तुळसाबाईनं विचारलं, “काहून वं, डबे मोजून राहिली काय?”

“नाही आत्याबाई. ऐकून राहिली.”

संध्याकाळी चौघंही ताटावर बसले. आज भाकर जळली नव्हती. कौसल्येनं देवरावला वाढलं, सासूला वाढलं, प्रेमिलाला वाढलं, आणि वरण ढवळता ढवळता कोणाकडे न बघता म्हणाली:

“उद्या गवंड्याले बोलवा. पुढच्या खोलीची खिडकी फोडायची. तिथं खिडकीपाशी ओटा पाहिजे, याच उंचीचा. ओटा सुकेपर्यंत मी छपरीत रांधतो. ही खोली गाण्याले घ्या.”

देवरावनं फळीकडे पाहिलं. “आणि डबे? अवं, डबे असल्याबिगर आवाज...”

“भरले डबे मी नेईन. रिकामे तुमाले. पण रिकामा डबा वाजते, त्यात कोंडा भरा. पोती भुशाची ठेवा. माझ्या स्टोव्हचा आवाज येईन, तर मधल्या दाराले ते तुमचं दुहेरी दार लावा, तिकडलं काढून.” तिनं वरणाची पळी भांड्यात ठेवली. “कापूस सोमवारी पिंजाऱ्याकडे जाईन. आणि पंचफुलाबाईले सांगा, बुधवारपासून यायचं.”