सान मारीनोचं काळं नाणं

बहरीनमधल्या सनद गावात आमच्या शेजारी किसन मेश्राम राहायचा. नागपूरकडचा, एसी दुरुस्त करणारा. बहरीनच्या जुलैत छपरावर हातात पाना धरवत नाही, आणि हा पठ्ठ्या तिथं बसून धुक्याची स्वप्नं बघायचा. धुकं सान मारीनोचं. इटलीच्या पोटातला, बहरीनहूनही चिमुकला देश; एक डोंगर आणि त्यावर तीन बुरूज. किसनचा साहेब पिएत्रो तिथला. तिथं दरवर्षी नाण्यांवर नवी चित्रं यायची, आणि सुटीवरून येताना साहेब ती नाणी किसनसाठी आणायचा. किसन ती खिडकीत मांडून बघत बसायचा. डोंगरावरून खाली उतर, चहा गार होतोय, असं मी त्याला चिडवायचो.

पिएत्रोनं त्याला सगळी हकिगत सांगितली होती. देशाचं पहिलं नाणं १८६४चं, तांब्याचं. १९३८नंतर नाणी पाडणं थांबलं, ते १९७२मध्ये पुन्हा सुरू झालं. आता युरो येणार, म्हणजे आपली लिरा खलास, असं तो हसत म्हणायचा, पण डोळे हसायचे नाहीत.

१९९८च्या मे महिन्यात पिएत्रो कायमचा घरी निघाला. पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेलं १८६४चं ते काळं नाणं त्यानं जाण्याआधी चार दिवस किसनकडे दिलं, बायकोला दाखव म्हणून. एवढा विश्वास कुणी टाकला की आपला माणूस हरखतो. परक्याची वस्तू काळी कशी परत करायची? तांबं काळं राहिलं तर घराला नावं ठेवतात, असं किसनच्या मायनं लहानपणीच शिकवलं होतं. माय गेली तेव्हा त्याला लीव्ह मिळाली नव्हती. तिचा तांब्याच तेवढा इकडे आला होता. किसननं चिंच-मीठ लावून अंगठ्यानं नाणं घासलं. तीन बुरूज गुलाबी उजळले.

पिएत्रोनं ते हातात घेतलं आणि खुर्चीत बसला. जुनं नाणं घासलं की त्याची किंमत जाते, एवढं तो म्हणाला. मग हळूच बोलला, "माझ्या आजोबांची बोटं होती त्यावर, किसन."

रागावला असता तर बरं झालं असतं. साहेब गेला, किसननं खिडकीतली नाणी डब्यात टाकली आणि बोलणंच सोडलं. मला त्या पोरक्या खिडकीकडे बघवेना.

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी मी साखर मागायला गेलो. किसनची बायको कुसुमबाई मायचा तांब्या घासायला बसली होती. किसननं तिचा हात धरला.

"नको घासू. मायचा हात हाय त्याच्यावर."

कुसुमबाई त्याच्याकडे बघत राहिली. "मायनं जलमभर घासलाच तं हाय तो. तिचा हात घासण्यातच होता."

किसननं तिचा हात सोडला. मग तिच्या हातातली चिंच घेऊन तो स्वतः घासू लागला, अंगठ्यानं, गोल गोल. मी साखर न मागताच परतलो. माय गेल्यानंतर तो पहिल्यांदाच रडत होता.