दोन नद्या आणि मामाची दोरी

मामा नदीच्या मुखाशी नाव चालवायचा. नदीच्या गाळातून तिथे नवी जमीन वर यायची. शाळेच्या पुस्तकात तिला त्रिभुज प्रदेश म्हणतात, मामा नुसतं 'आपली जमीन' म्हणायचा. लग्न होऊन आलेल्या मामीने पहिल्याच आठवड्यात त्याला पेचात टाकलं. "अहो, आमच्याकडची नदीही काही कमी गढूळ नाही. मग तिच्या तोंडाशी चिमूटभर जमीन का नाही?"

"समुद्राला विचार," मामा म्हणाला, आणि मग स्वतःच विचारत बसला. सासुरवाडीला गेला की हे जावईबापू दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्याची खोली मोजत फिरायचे. सासरे कपाळाला हात लावायचे. पण उत्तर मिळालं. तिकडे किनारा सोडला की तळ एकदम खोल जातो, लाटा दांडग्या, आणि काठाकाठाने वाहणारा प्रवाह गाळाला टिकू देत नाही. इकडे समुद्र उथळ नि शांत, त्यामुळे गाळ तोंडाशीच बसतो. मामाने हे मला शंभरदा तरी ऐकवलं असेल, दर वेळी नव्याने हरखून.

लेकीला घर बांधायला त्याने टोकाची नवी जागा काढून दिली. जमीन पुढे सरकेल, अंगण आपोआप वाढेल, या भरवशावर. लेकीने खुंट्याही ठोकल्या.

खरं तर गेली काही वर्षं त्या टोकाशी मामाची दोरी जास्त बुडत होती. भिजून ताणली असेल म्हणून मामाने ती बदलली. नवीही तितकीच बुडाली, तर त्याने तिसरी आणली. हट्टी माणूस, दोरीवर संशय घेईल पण नदीवर नाही. नावेतले उतारू मात्र खुशीत होते, पाणी किती नितळ झालंय म्हणून. ते ऐकून मामा चपापला. गुडघाभर पाण्यात उतरला, तर त्याला स्वतःच्या पायाची बोटं दिसली.

"वर धरण झालंय, गाळ तिथेच अडकतोय," तो मामीला म्हणाला. "नदी हात हलवत येतेय. समुद्र थोडं थोडं नेतोच, ते भरून कोण देणार?"

मग तो लेकीकडे गेला. मीही सोबत होते. ती खुंट्यांमध्ये उभी राहून स्वयंपाकघर कुठे करायचं ते ठरवत होती.

"पोरी, इथे नको बांधू."

"बाबा, अंगण वाढेल असं तुम्हीच म्हणाला होतात."

"चुकलं माझं. तू म्हातारी होशील ना, तेव्हा इथून नावा जातील." मला त्याची फार दया आली.

लेक वाकली आणि तिने पहिली खुंटी उपटली.