कारिटाऐवजी कारलं

बसथांब्यावर माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजोबांच्या बुटाखाली झाडावरून पडलेलं एक छोटं फळ फुटलं, आणि त्या आवाजासरशी मला कुडाळचं आमचं अंगण आठवलं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की आम्ही तुळशीसमोर पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचो. त्या कडूजहर फळाचा रस जिभेला लावायचा आणि 'गोविंदा' म्हणून ओरडायचं. त्याआधी बाबा फराळाला हात लावू द्यायचे नाहीत.

स्कॉटलंडला आल्यापासून हे सुटलं होतं. इथे कारीट कुठून मिळणार, एवढीच सबब. पण असं एकेक सुटत गेलं, तर लेकीला सांगायलाही काही उरणार नाही. मी ठरवलं, यंदा सोडायचं नाही.

दिवाळीच्या पहाटे मी दाराबाहेरच्या गार पायरीवर कारल्याचा तुकडा ठेवला.

"आई, हे कारीट नाहीये," लेक म्हणाली.

"नाहीच. पण कडू आहे. फोड."

तिनं अनवाणी पायाच्या अंगठ्यानं तो चिरडला, रस चाखला, तोंड वेडंवाकडं केलं आणि ओरडली, "गोविंदा!"

समोरच्या घरात दिवा लागला. ती घाबरून माझ्याकडे बघू लागली.

"बघतेस काय?" मी म्हणाले. "आता दोघी मिळून ओरडू."